परातीचा उजेड

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे आणि दर खेपेला घरात कुणालाच वापरता येणार नाही अशी एखादी वस्तू तो घेऊन येतो. मागच्या खेपेला त्याने हलती चित्रं काढणारा एक लहानसा कॅमेरा आणला. किल्ली दिली की घर्र करत चालायचा आणि अर्ध्या मिनिटात दम टाकायचा. सोबत उजेड मोजायचं मीटर होतं, आणि बॅटरीवर पेटणारा असा एक दिवा की समोरच्याने डोळेच झाकावेत. मी नाशकात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, एवढ्या पुण्याईवर हा सगळा संसार माझ्या गळ्यात पडला. फिल्मच्या दोन-तीन गुंडाळ्या मी माझ्या हौसेखातर वाया घालवल्या. शाळेच्या संमेलनात मुख्याध्यापिकाबाई भाषण करताना भुतासारख्या पांढऱ्या आल्या, तेव्हा कुठे मी छिद्र आणि उजेड यांचं गणित मनावर घेतलं.

त्याच सुमारास कुसुमचं बोलावणं आलं. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहत होतो. लग्न होऊन ती बुलढाणा जिल्ह्यात धाडजवळच्या एका खेड्यात गेली. "आमच्या महालक्ष्म्या पाहायला ये, तुझा तो डबा घेऊन ये, आणि परत जाताना लोणारचं सरोवर बघ," असं तिचं म्हणणं. आता वऱ्हाड आणि आपण एकाच राज्यात आलो, तेव्हा शेजाऱ्याचं घर एकदा बघून यावं, असं मीही ठरवलं.

राजूरचा घाट

मलकापूरला रेल्वेतून उतरून एस.टी. धरली. भाद्रपदातला हिरवा कपाशीचा मुलूख संपतो आणि बुलढाण्याच्या अलीकडे गाडी राजूरच्या घाटाला लागते. वर ढग इतके खाली आले होते की कंडक्टरने खिडक्यांच्या ताडपत्र्या सोडायला लावल्या. माझ्या शेजारच्या म्हातारीने मांडीवरच्या पेटीकडे बोट करून विचारलं, "काय व बाई, कोंबडी हाय का?" मी कॅमेरा म्हटलं. ती म्हणाली, "बरं, मंग वास येनार नाई," आणि खुशाल माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. बुलढाण्याला चहा, धाडला भजी, आणि तिथून कुसुमच्या नवऱ्याची बैलगाडी. अंगावर चिखलाची नक्षी घेऊनच मी त्या घरात पाऊल टाकलं.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात. नदीवरून पाच खडे आणायचे, वाटीत ठेवायचे, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवायचा, संपलं. त्यामुळे कुसुमच्या देवघराच्या दारात मी थबकलेच. बाईच्या उंचीच्या दोन महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, लोखंडी कोठ्यांवर उभ्या केलेल्या. हिरव्या आणि लाल लुगड्यांत, नथी घातलेल्या, पितळेचे मुखवटे चिंचेने घासून लख्ख केलेले. उंबऱ्यापासून त्यांच्यापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. छताला करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. खोलीला खिडकी एकच, हातभर रुंद, अंगणाच्या बाजूला. दोन समया सोडल्या तर बाकी काळोख.

दोघींच्या मध्ये त्यांची लेकरं मांडतात, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा वीतभर उंचीचा होता, बाहुल्यासारखा. मुलगी मात्र माझ्या खांद्याला लागेल एवढी होती.

कापडात कापूस भरून केलेलं अंग, त्यावर खणाची चोळी, जरीच्या काठाचा परकर, भरलेल्या बाह्यांवर खऱ्या बांगड्या. आणि या एवढ्या अंगावर तोंड मात्र मुलाच्या तोंडाएवढंच, मुठीएवढ्या पितळेच्या मुखवट्याचं. समईची ज्योत हलली की ते चिमुकलं तोंड माझ्याकडे वळल्यासारखं वाटायचं. खरं सांगते, मला त्या खोलीत एकटीने थांबवेना. मी बाहेर येऊन कुसुमला विचारलं, "ही पोरगी एवढी मोठी का?"

कुसुमने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे तिच्या थोरल्या जाऊबाई, सरूबाई, ज्वारीची आंबील ढवळत होत्या. मग हळू आवाजात तिने सांगितलं ते असं. सरूबाईंची एकुलती एक मुलगी चंदा, सात वर्षांची असताना, नाल्याच्या पुरात गेली. पुढे पार नदीपर्यंत शोधलं, पण ती सापडली नाही. सापडली नाही म्हणून सरूबाईंनी तिचं क्रियाकर्म काहीच करू दिलं नाही. त्या भाद्रपदात त्यांनी महालक्ष्मीच्या मुलीला चंदाचा परकर नेसवला. पुढच्या वर्षी तिला थोडी उंच केली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी उंच. मुखवटा देवाचा, तो बदलता येत नाही. अंग मात्र दर वर्षी वाढतं.

"देवाचे लेकरं वाढत नसतीन," सरूबाई म्हणतात, "माही वाढते."

जेवणाचा दिवस

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या जेवतात. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, कढी, वडे, आंबील, असं सगळं पानांवर वाढायचं आणि खोलीतून सगळ्यांनी बाहेर पडायचं. दार लावून घ्यायचं. देवी जेवत असताना कुणी बघायचं नाही. हे तिकडे बऱ्याच घरांत करतात. या घरात दार उघडण्याआधी थोरली सून बांगड्या वाजवते आणि "झालं का माय?" असं विचारते, तेवढं निराळं.

सकाळी ओट्यावर मी सगळ्यांना कॅमेऱ्याची करामत समजावत बसले होते. उजेड कमी असेल तर पुढचं छिद्र मोठं करायचं, भरपूर असेल तर बारीक. अंधारात छिद्र बारीक ठेवलं तर चित्र काळंठिक्कर येणार. या बटणाला खिट्टी आहे, ती लावली की मी नसतानाही हा आपला चालत राहतो. शिक्षकाला श्रोते मिळाले की काय होतं ते तुम्हांला ठाऊक आहे. सरूबाई आंबिलीच्या हातानेच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "कोनी नसलं तरी ह्याले दिसते?"

"दिसतं."

"मंग जेवाच्या वक्ताले आत ठिवा ह्याले. मले पाह्याचं हाय, ती येते का."

सरूबाई शांतपणे पुढे म्हणाल्या, "दिसली त दिसली. नाई दिसली त गेली म्हनीन. तिचं काय कराचं ते करून टाका मंग. मी आडवी येनार नाई."

चंदा गेल्यापासून त्या एकवेळच जेवत होत्या, तेही भाकरी आणि मीठ. मनगटांवरून ते कळत होतंच. मला नाही म्हणता आलं नाही. देवी जेवत असताना यंत्र ठेवायचं की नाही यावर घरात थोडी कुजबुज झाली, पण थोरल्या सुनेचा शब्द त्या तीन दिवसांत कुणी मोडत नाही.

मी मीटर घेऊन देवघरात गेले. काटा जागचा हलेना. समईच्या उजेडात माझी फिल्म आंधळीच होती. म्हणून मी भावाने दिलेला दिवा काढला आणि पेटवला. खोलीभर पांढरा उजेड झाला, ज्येष्ठेच्या नाकाची सावली भिंतीवर हातभर लांब पडली आणि त्या मोठ्या मुलीच्या बाह्यांमधला कापूस शिवणीतून बाहेर आलेला दिसला. सरूबाईंनी धावत येऊन माझा हात खाली केला.

"जेवताना कोनाच्या तोंडावर अशी बत्ती मारता का तुमी?"

मी दिवा विझवला. मग त्याच म्हणाल्या, "पेवात उतराच्या आंधी आमी परातीनं ऊन सोडतो. तसं सोडलं त?"

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. आत उतरण्यापूर्वी वरून तळ पाहण्यासाठी अंगणातलं ऊन परातीवर घेऊन आत टाकतात. उन्हाला देवाचीही हरकत नव्हती. पुरण ज्या परातीत काढलं होतं तीच मोठी पितळी परात घासूनपुसून अंगणात आली. ती खिडकीसमोर ओट्याच्या कठड्यावर तिरपी टेकवली. परातीतून निघालेलं ऊन खिडकीतून आत शिरलं आणि दोघी देवींच्या मधोमध, नेमकं त्या मुलीवर जाऊन बसलं. मधासारखा मऊ उजेड. मीटरचा काटा उठला. माझ्या बोटीवरच्या भावाला हे सुचलं नसतं, आणि मलाही.

पानं वाढून झाली. मी कॅमेरा कोपऱ्यात तिपाईवर, देवींपासून दारापर्यंत सगळं चित्रात येईल असा नेमका करत होते तेव्हा मागे खाकरल्याचा आवाज आला. सरूबाईंचे यजमान पुंजाजी उंबऱ्याबाहेर उभे होते. डोक्याचा फेटा काढून हातात घेतला होता आणि बघत होते जमिनीकडे. मोठ्या खटल्याचा कर्ता माणूस. परक्या बाईशी असं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बाई, तुमी म्हनल्या का ते भोक बारीक केलं त काळं येते."

"हो."

"बारीकच ठिवा." जरा थांबून ते म्हणाले, "तो कापूस तिले दिसला त तिले चंदाच वाटंन, आन ती आनखी धा वर्सं परकर वाढवीन. काळं आलं त सुटंन बिचारी. तुमच्या हाताले पाप नाई लागनार, मी सांगतो."

ते निघून गेले. छिद्राचं कडं माझ्या चिमटीत होतं. डावीकडे फिरवलं की चंदा गेली, उजवीकडे फिरवलं की ती राहिली. वर्गात मी मुलींना रोज सांगते की प्रकाश खोटं बोलत नाही, आणि इथे त्याला खोटं बोलायला लावणं माझ्या दोन बोटांच्या हाती आलं होतं. पुंजाजींचं म्हणणं मला पटलं होतं. तरीही मला ते जमेना. ती बाई माझ्यावर विसंबून अंगणात परात धरून उभी होती. मी मीटर पुन्हा पाहिलं, छिद्र हवं तेवढं उघडं ठेवलं, किल्ली भरली, खिट्टी लावली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बंद दाराआड कॅमेरा घर्र करत होता. मी अंगणात सरूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. परात कठड्यावर टेकलेली होती. वरून सरूबाईंचे हात आणि खालून कुसुमचे. ऊन स्वच्छ होतं, ढग दूर टेकडीपलीकडे. मी परातीवरच डोळे लावून होते, कारण ती हलली तर माझं चित्र बिघडणार होतं. ती हलली नाही.

घरघर थांबली. पुष्कळ वेळ गेल्यावर सरूबाईंनी बांगड्या वाजवल्या. "झालं का माय?"

दार उघडलं. पानं जशीच्या तशी होती, आंबिलीवर साय धरली होती. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. तरी का कोण जाणे, कॅमेरा उचलताना मी त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

लोणार

विसर्जन झाल्यावर चिखली-मेहकर करत लोणारला गेले. गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि खाली गोल वाटीत ते हिरवट पाणी दिसतं. उल्का पडून झालेला खड्डा, हे पुस्तकात वाचलेलं असतं. काठावर उभं राहिल्यावर आपोआप एक पाऊल मागे जातं, ते मात्र पुस्तकात नसतं. खाली उतरावं तसा वारा थांबत गेला. झाडीत मोर ओरडायचे आणि मग इतकी शांतता, की आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. पाण्याला खारट कुबट वास होता. काठावरच्या पांढऱ्या खाराने मीटर पार फसवलं. काट्यावर विसंबून मी छिद्र बारीक केलं आणि झाडी सगळी काळी आली, हे नंतर कळलं.

काठच्या एका पडक्या देवळात भर दुपारी काळोख होता. गाभाऱ्यात काय आहे ते दिसेना. मी पिशवीतून दिवा काढला, बटणावर अंगठा ठेवला आणि सरूबाई आठवल्या. दिवा परत पिशवीत टाकला. आत कुणी जेवत असेल-नसेल, आपण कशाला?

नाशिक, आणि पुन्हा बुलढाणा

फिल्म धुवायला मुंबईला पाठवली. ती परत आली तोवर नवरात्र उलटून गेलं होतं. शाळेतून चित्रं दाखवायचं यंत्र मागून आणलं आणि एका रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून मी ती एकटीच पाहिली. राजूरचा घाट, बैलांची शिंगं, फुलोरा. मग देवघर. चित्र इतकं स्वच्छ आलं होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. दोन समया, दोन देवी, मध्ये परातीचा उजेड आणि त्यात ती मुलगी उभी.

थोड्या वेळाने उजेड हलला.

तो तिच्या चोळीवरून परकरावर आला. परकरावरून जमिनीवर उतरला. तिथून कुंकवाच्या पावलांवरून, पावलं आली होती त्याच्या उलट्या दिशेने, एकेक पाऊल उजळत सावकाश दाराकडे निघाला. उंबऱ्याशी आला आणि बंद दारासमोर थांबला. फिल्म संपेपर्यंत तिथेच होता. मागे ती मुलगी काळोखात दिसेनाशी झाली होती.

मी पुन्हा लावून पाहिलं. मग तिसऱ्यांदा. अर्ध्या मिनिटात सूर्य एवढा सरकत नाही, हे मी सातवीच्या मुलींना शिकवते. परात हलली असती तर मला दिसली असती. कुसुमला पत्र टाकून विचारून घेतलं. तिचं उत्तर एवढंच, "खालून मी धरली होती ना. दगडासारखी होती." यापलीकडे मला काही सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर मी रंग चढवणार नाही.

थंडीच्या सुट्टीत यंत्र घेऊन पुन्हा निघाले. गावात वीज नव्हती, म्हणून कुसुमच्या भावाच्या ओळखीने बुलढाण्यात एका शाळेचा वर्ग मिळाला. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि फळ्यावर पडदा म्हणून एक चादर. सरूबाई पहिल्यांदाच एस.टी.त बसून आल्या होत्या. पुंजाजी बाकावर बसायला तयार होईनात, भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. छिद्र बारीक केलं नव्हतं हे त्यांना मी दारातच सांगितलं होतं. मला त्या माणसाची भीती नाही, लाज वाटत होती.

यंत्र सुरू केलं. घाट आला, बैल आले, सरूबाईंना स्वतःचा हात आंबील ढवळताना दिसला तेव्हा त्या जराशा हसल्या. मग देवघर आलं. मुलगी दिसली. सरूबाई पुढे सरकल्या. पुंजाजींनी डोळे मिटून घेतले.

उजेड उतरला. पावलांवरून निघाला. वर्गात फक्त यंत्राची घरघर. उजेड उंबऱ्यापाशी येऊन थांबला, तशा सरूबाई बाकावरून उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि चादरीवरच्या त्या बंद दारावर त्यांनी पंजा टेकला. उजेड त्यांच्या बोटांवर आला.

"पाह्यलं का तुमी?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जाऊनच राह्यली होती ती. दर वर्सी. आन आपनच दार लावून घेत होतो."

पुंजाजी भिंतीपासून हलले नाहीत. फेट्याच्या शेमल्यात तोंड घालून ते रडत होते. फिल्म संपली, पडदा नुसता पांढरा झाला. यंत्र बंद करायचं मला सुचलं नाही. सरूबाईच म्हणाल्या, "बंद करा मास्तरीणबाई, डोळ्याले लागते." मग कुसुमकडे वळून त्यांनी विचारलं, "खायाले काय आनलं व?" कुसुमने शिदोरी सोडली. पोळी आणि पिठलं. त्या बाकावर मांडी घालून पोटभर जेवल्या, आणि मलाही आग्रहाने वाढलं. त्या दिवशी एकादशी होती हे कुणीच बोललं नाही.

यंदाच्या भाद्रपदात मला जाता आलं नाही. दिवाळीला कुसुम नाशकात आली तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं. चंदाचं जे करायचं ते माघातच झालं होतं. महालक्ष्मीची मुलगी पुन्हा वीतभर उंचीची झाली आहे, तिच्या भावाच्या बरोबरीची. तो मोठा परकर उसवून सरूबाईंनी त्याची झालर केली आणि देवघराच्या दाराला लावली.

जेवणाच्या वेळी त्या घरात आता दार लावत नाहीत. परकराची झालर तेवढी खाली सोडतात, आणि सरूबाई बाहेर उंबऱ्याच्या एका अंगाला सरकून बसतात, मधली वाट मोकळी ठेवून.